क्रिप्टोचे नियम: सरकारला माहिती मिळते, वापरणाऱ्याला काय मिळतं?

सांजवात
क्रिप्टोवर सरकारी नियम असावेत की नसावेत हा वाद आता जुना झाला. नियम आलेत, अजून येतील, आणि ते यायला हवेत असंच माझंही मत आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. नियम वाचले की त्यात सरकार दिसतं, एक्स्चेंज (म्हणजे नाणी घ्यायचा-विकायचा मंच) दिसतं, बँक दिसते. ज्याच्या पैशांवर हे सगळं चाललंय तो साधा वापरणारा मात्र फक्त कागदपत्रं देणारा म्हणून दिसतो. त्याने काय काय द्यायचं हे कलमवार लिहिलेलं असतं. पैसे अडकले तर त्याला कोण, कधी आणि कशाचं उत्तर देणार, हे शोधून सापडत नाही.

माझं एका एक्स्चेंजवर (नाव घेत नाही) रीतसर केवायसी झालेलं खातं आहे. पासपोर्ट दिला, पत्त्याचा पुरावा दिला, कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे वळवून झाली. पैसे भरताना कुणी काही विचारलं नाही. काढायला गेले तेव्हा 'पडताळणी सुरू आहे' अशी पट्टी आली आणि खातं तिथेच थांबलं. मग निधीचा स्रोत सांगायचा फॉर्म आला. त्यात ही नाणी मुळात कुठे घेतली त्याची पावती जोडा म्हणून एक रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ती नाणी जिथे घेतली ते एक्स्चेंज केव्हाच बंद पडलंय, त्याची वेबसाइटसुद्धा उरलेली नाही. मी जुने ईमेल उकरले, ब्लॉकचेनवरचे (नाण्यांच्या व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीतले) व्यवहार क्रमांक काढले, त्या काळचं बँक स्टेटमेंट लावलं. उत्तर दर वेळी शब्दन् शब्द तेच: माहिती संबंधित विभागाकडे पाठवली आहे, कालावधी सांगता येणार नाही.

मला कारण हवंय, सविस्तर नको, निदान कुठल्या प्रकारचं ते. काहीतरी मुदत हवी. आणि उत्तर पटलं नाही तर एक्स्चेंजच्या बाहेर दाद मागायची सोय हवी. देश कुठलाही असो, तुमचे अनुभव लिहा. भाव वर जाणार की खाली, ती चर्चा इथे नको.

एकलव्य_०७
एक्स्चेंजवर नाणी ठेवलीत म्हणजे ती तुमची राहिली नाहीत, तुमचं त्या कंपनीकडे येणं राहिलं. क्रिप्टो ठेवींवर व्याज देणारी सेल्सियस कंपनी बुडाली तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या दिवाळखोरी न्यायालयाने स्पष्ट निर्णय दिला की व्याजाच्या खात्यात ठेवलेली नाणी कंपनीच्या मालमत्तेत जमा होतात, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींतच तसं लिहिलं होतं. किल्ली, म्हणजे नाणी हलवायचा गुप्त कोड, स्वतःकडे ठेवा. नियामकाच्या मागे लागून काही होणार नाही.

घाटमाथा
एकलव्य, सेल्सियसचं उदाहरण बरोबर आहे, पण निष्कर्षाशी असहमत. नियामकामुळे काय होऊ शकतं त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जपानचं आहे आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

२०१४ मध्ये माउंट गॉक्स बुडालं. जगातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं बिटकॉइन एक्स्चेंज, टोकियोतलं. लोकांना नाणी परत मिळू लागायला २०२४ चा जुलै उजाडला. त्या अनुभवातून जपानने २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली, ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायला लावली. २०१८ च्या जानेवारीत कॉइनचेक या एक्स्चेंजवर दरोडा पडला तेव्हा नियम आणखी आवळले. २०२० पासून ग्राहकांची किमान ९५ टक्के नाणी इंटरनेटपासून तोडलेल्या वॉलेटमध्ये (किल्ल्या ठेवायच्या जागेत) ठेवणं बंधनकारक झालं.

आता नोव्हेंबर २०२२ आठवा. एफटीएक्स हे बडं एक्स्चेंज कोसळलं. जगभरच्या ग्राहकांचे पैसे अडकले, परतफेडीचा पहिला हप्ता मिळायला फेब्रुवारी २०२५ उजाडला, आणि तोही दिवाळखोरीच्या दिवशीच्या पडेल भावाने मोजून. पण एफटीएक्सच्या जपानी शाखेतल्या ग्राहकांना फेब्रुवारी २०२३ मध्येच नाणी काढता येऊ लागली. नाणी म्हणून, डॉलरमध्ये मोजून नव्हे. पालक कंपनी तीच आणि संकटही तेच. फरक एवढाच की जपानच्या कायद्याने ग्राहकांच्या पैशाला हात लावू दिला नव्हता.

युरोपच्या मायका या क्रिप्टोविषयक कायद्यातही ग्राहकांची मालमत्ता वेगळी ठेवणं आणि तक्रार निवारणाची विनाशुल्क व्यवस्था ठेवणं परवानाधारकांना सक्तीचं आहे. तो डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू झाला. त्यामुळे सांजवात, वापरणारा नियमांत दिसतच नाही हे विधान मला पटलं नाही.

सांजवात
घाटमाथा, जपानचं उदाहरण दिलंत ते बरं झालं. मी मागतेय ते याच जातीचे नियम. ९५ टक्के नाणी वेगळी ठेवा हे कंपनीने ग्राहकासाठी करायचं काम आहे, आणि ते केलं की नाही हे तपासता येतं. कंपनी बुडाली तर काय, याचा विचार काही देशांनी केला हे मान्य. माझी कंपनी बुडालेली नाही. ती रोज जाहिराती पाठवते आहे. तिने पैसे रोखून धरलेत आणि कायद्यावर बोट ठेवून गप्प बसलीय. तक्रार निवारणाची व्यवस्था म्हणाल तर तिथूनही हेच उत्तर आलं: हा विषय अनुपालन विभागाचा (कायदे पाळले जातात का ते बघणाऱ्यांचा) आहे, आम्हाला त्यावर बोलता येत नाही.

अमलताश
मी बरीच वर्षं बँकेत अनुपालनाचं काम करतो, क्रिप्टो कंपन्यांची खातीही आमच्या नजरेखालून जातात. ते गप्प का बसतात ते सांगतो. समर्थन म्हणून नव्हे, घोडं कुठे अडलंय ते कळावं म्हणून.

मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय चौकट एफएटीएफ नावाची संस्था ठरवते. २०१९ मध्ये तिने क्रिप्टो कंपन्यांनाही बँकांसारखेच नियम लावायला सांगितले आणि देशोदेशींच्या कायद्यांत ते उतरले. त्यात एक तरतूद अशी की एखाद्या व्यवहाराबद्दल संशयाचा अहवाल पाठवला असेल तर ते ग्राहकाला कळू द्यायचं नाही. बऱ्याच देशांत हा गुन्हा आहे. चौकशीचा सुगावा लागला तर खरा गुन्हेगार पैसे हलवेल, हे त्यामागचं कारण, आणि ते खोटं नाही. पण प्रत्यक्षात काय होतं, तर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला अहवाल गेलाय की नाही हेच ठाऊक नसतं. म्हणून त्याला शिकवलेलं असतं की सगळ्यांनाच एक ठरलेलं वाक्य पाठव. ज्याचा अहवाल गेलाय त्यालाही तेच आणि ज्याचा फॉर्म नुसता रांगेत पडलाय त्यालाही तेच.

आणि रांग मोठी असते. पडताळणीचं सॉफ्टवेअर ब्लॉकचेनवरच्या पत्त्यांना धोक्याचे गुण देतं. तुमच्या नाण्याच्या प्रवासात चार हात मागे एखादा बदनाम पत्ता असला तरी गुण चढतात. मग माणसाने फाइल उघडून बघायची. ग्राहकाला उशीर झाला म्हणून कंपनीला दंड होत नाही, पण एक चुकीची फाइल सोडली तर होतो. तुम्ही त्या खुर्चीत असतात तर काय केलं असतं?

मुदत अशक्य आहे असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. ब्रिटनमध्ये संशयास्पद व्यवहार पुढे नेऊ का, असं बँकेने विचारलं तर यंत्रणेला ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकार दिला तर ३१ दिवसांपर्यंत पैसे थांबवता येतात, आणि त्यापुढे वाढवायचे तर न्यायाधीशासमोर कारण मांडावं लागतं. चौकशीही राहते, गुप्तताही राहते, तरी घड्याळ चालू असतं.

टिटवी
अमलताश, हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट समजावलं. धन्यवाद.

माझा त्रास जरा वेगळा. मी परदेशी ग्राहकांसाठी चित्रं काढते. ते स्टेबलकॉइनमध्ये पैसे देतात, कारण बँकेतून पाठवले तर मधल्या मधल्या बँका कापून घेतात आणि दिवसही जातात. माझ्यासाठी हा जुगार नाही, पगार आहे. डॉलरशी बांधलेलं नाणं, आलं की दुसऱ्या दिवशी चलनात बदलायचं.

मायकामधले स्टेबलकॉइनचे नियम जून २०२४ पासून लागू झाले. टेदर या स्टेबलकॉइनच्या कंपनीने त्यासाठीचा परवाना घेतला नाही, म्हणून मार्च २०२५ च्या अखेरीपर्यंत युरोपातल्या मोठ्या एक्स्चेंजनी युरोपीय ग्राहकांसाठी टेदरचे व्यवहार बंद केले. माझे दोन ग्राहक युरोपातले. त्यांनी परवाना असलेलं दुसरं नाणं घेतलं, ते मी वापरत असलेल्या मंचावर ज्या नेटवर्कवर (म्हणजे ज्या ब्लॉकचेनवर) येतं ते नेटवर्क त्यांच्या एक्स्चेंजवर नाही. मधे एक जास्तीचं वॉलेट, एक जास्तीची अदलाबदल, दोन जास्तीची शुल्कं. नाण्यामागे खरोखर राखीव पैसा आहे का हे तपासणारा नियम मला हवाच आहे. २०२२ च्या मे महिन्यात टेरायूएसडी हे स्टेबलकॉइन कोसळलं, तेव्हा त्याच्यामागे तसा पुरेसा पैसा नव्हता. पण नियम लागू होताना वापरणाऱ्यांना दोन ओळींचा ईमेल आणि एक तारीख, एवढंच मिळतं.

एकलव्य_०७
स्वतःची किल्ली असली की सुटलो असं मी वर सुचवलं, पण तिथेही हात पोचलेत. युरोपात डिसेंबर २०२४ पासून एक्स्चेंजमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये १००० युरोंहून जास्त पाठवायचे असतील, तर ते वॉलेट तुमचंच आहे हे सिद्ध करावं लागतं. एक्स्चेंज एक मजकूर देतं, तो वॉलेटच्या किल्लीने सही करून परत द्यायचा. माझं हार्डवेअर वॉलेट पेनड्राइव्हएवढं आहे. इवल्याशा पडद्यावर तो मजकूर तुकड्यातुकड्याने येतो, दोन बटणं एकदम दाबून पुढे सरकायचं, आणि मधेच केबल हलली की पुन्हा पहिल्यापासून. मला जमतं. ज्याला जमत नाही तो नाणी एक्स्चेंजवरच सोडून देतो, म्हणजे जिथे ठेवू नका म्हणतो तिथेच. सुरक्षेच्या नावाखाली लोकांना कमी सुरक्षित जागी ढकललं जातंय.

आणि ही गोळा केलेली माहिती जाते कुठे? मे २०२५ मध्ये कॉइनबेस या एक्स्चेंजने जाहीर केलं की बाहेरच्या देशांतल्या मदतकक्षातल्या काही कर्मचाऱ्यांना लाच देऊन ग्राहकांची माहिती चोरली गेली. सुमारे ७० हजार लोकांची नावं, पत्ते, ओळखपत्रांच्या प्रतिमा. क्रिप्टो बाळगणाऱ्या माणसाचा घरचा पत्ता चोराच्या हातात पडणं म्हणजे काय, याचा विचार करा. ओळखपत्र घ्या म्हणणाऱ्या कायद्याने ते सांभाळायची, आणि गरज संपली की पुसून टाकायची जबाबदारी तितक्याच कडकपणे घातली पाहिजे.

वहीखाते
करांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो. रोजच्या वापरणाऱ्याचं खरं डोकं तिथे उठतं.

अमेरिकेने २०१४ मध्ये आभासी चलनाला मालमत्ता मानलं. त्याचा अर्थ असा की त्यातून काहीही विकत घेतलं तरी ती मालमत्तेची विक्री. घेतानाचा भाव, देतानाचा भाव, मधला नफा, सगळं नोंदवा. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी तेच. चलन म्हणून वापरायचं म्हटलं तर प्रत्येक खरेदीला हिशेबाची एक ओळ वाढते. जर्मनीत खासगी व्यक्तीने नाणं एक वर्षाहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर कर नाही. एकच नाणं आणि एकच माणूस, फक्त सीमा ओलांडली की हिशेब पूर्ण बदलतो.

भारताचं उदाहरण मला सगळ्यात खटकतं. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एका नाण्यात १०० कमावले आणि दुसऱ्यात १०० गमावले, तर हातात शून्य आणि कर ३०. जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही आला. नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. एक टक्का किरकोळ वाटतो. भाव जराही हलला नाही असं धरून तेच पैसे १०० वेळा फिरवून बघा, मूळ रकमेतले सुमारे ३७ टक्केच हातात उरतात, बाकीचे विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकलेले. माग ठेवणं हाच हेतू असेल तर त्याच्या दहाव्या हिश्शानेही माग राहिला असता.

प्रत्यक्ष हिशेब कसा होतो तेही बघा. एका एक्स्चेंजची फाइल जागतिक वेळेत, दुसऱ्याची स्थानिक वेळेत, त्यामुळे वर्षअखेरच्या मध्यरात्रीच्या आसपासचे व्यवहार दोन वेगळ्या आर्थिक वर्षांत पडू शकतात. शुल्क तिसऱ्याच नाण्यात कापलेलं, ते दिलं तीही विक्रीच. आपल्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवलेले पैसे फाइलमध्ये 'बाहेर गेले' म्हणून दिसतात, ते हाताने जुळवावे लागतात. प्रामाणिकपणे भरायचं ठरवणाऱ्याला हा सगळा व्याप आहे.

ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या नव्या चौकटीप्रमाणे अनेक देशांत २०२६ पासून माहिती गोळा करायची आणि २०२७ पासून ती आपापसांत वाटायची असं ठरलंय. म्हणजे कर खात्याकडे तुमच्या व्यवहारांची जुळवलेली माहिती असेल. तीच माहिती, त्याच नमुन्यात, वापरणाऱ्यालाही द्या एवढी साधी सक्ती केली तर निम्मा त्रास संपेल.

पाणकणीस
बंदी घातली की काय होतं तेही इथे नोंदवून ठेवते.

भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवसायांना सेवा देऊ नका म्हणून सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते रद्द केलं. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये तसाच आदेश काढला आणि डिसेंबर २०२३ मध्ये मागे घेतला. चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये सगळेच व्यवहार बेकायदा ठरवले. अशा काळात वापर थांबत नाही. लोक पी२पीकडे वळतात, म्हणजे अनोळखी माणसाकडून बँकेत पैसे घ्यायचे आणि त्याला नाणी द्यायची.

यात अडकतो तो विकणारा. समोरच्याने पाठवलेले पैसे कुणाला तरी फसवून आणलेले असले, आणि त्या फसवल्या गेलेल्याने तक्रार केली, की पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले ती सगळी गोठतात. पहिल्या खात्यातला भामटा तोवर पसार झालेला असतो. तिसऱ्या-चौथ्या खात्यातला माणूस सापडतो, कारण त्याचीच कागदपत्रं खरी असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या जवळच्या नात्यात हे झालंय. वादातली रक्कम खात्याच्या शिल्लकेपुढे नगण्य होती, गोठलं मात्र अख्खं खातं, ज्यात पगार येतो आणि घराचा हप्ता जातो. पोलीस म्हणतात बँकेला विचारा, बँक म्हणते पोलिसांना विचारा.

घाटमाथा
पाणकणीस, हे फार वाईट आहे. मी वर मांडलेल्या मुद्द्यात थोडी भर घालतो. नियम असणं आणि नियमाने न्याय मिळणं यातलं अंतर मी कमी धरलं होतं. परवानाधारक मंच चालू ठेवले तर लोक पी२पीच्या अंधारात जात नाहीत, आणि तिथे काय होतं याची जबाबदारीही कुणावर तरी टाकता येते. त्यामुळे मी अजूनही परवान्याच्या बाजूने आहे. पण परवान्याच्या अटींत सांजवात म्हणतात तशी मुदत घातली पाहिजे, हे आता पटलं.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून नवख्या ग्राहकाला पहिल्या खरेदीआधी २४ तास थांबायला लावतात, धोके समजले का याची प्रश्नावली भरून घेतात. आत येताना इतकी काळजी घेता येते तर बाहेर पडतानाही घेता यावी.

एकलव्य_०७
अनुमोदन. सगळ्या नियामकांवर विश्वास ठेवायला मी तयार नाही, पण या मागणीवर माझी सही धरा.

सांजवात
सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं हाती लागेल असं वाटलं नव्हतं. नियामक संस्था नवे नियम आणण्याआधी मसुदा जाहीर करून लोकांची मतं मागवतात. तिथे कंपन्या आणि वकील लिहितात, वापरणारे लिहीत नाहीत. मी पाठवणार आहे. मुख्य परिच्छेद असा केलाय:

'ग्राहकाचे खाते किंवा पैसे काढण्याची मागणी थांबवल्यास कंपनीने ७ कामकाजाच्या दिवसांत कारणाचा प्रकार लेखी कळवावा. मागितलेली कागदपत्रे मिळाल्यापासून ३० दिवसांत निर्णय द्यावा. मूळ पावती उपलब्ध नसल्यास ब्लॉकचेनवरील नोंद आणि बँकेचे विवरण पर्यायी पुरावा म्हणून ग्राह्य धरावे. निर्णय अमान्य असल्यास ग्राहकाला स्वतंत्र लोकपालाकडे दाद मागता यावी.'

काही सुटलंय का?

अमलताश
पहिल्या वाक्याला कंपन्यांचे वकील लगेच हरकत घेतील, गुप्ततेच्या तरतुदीकडे बोट दाखवून. 'तपास यंत्रणेने लेखी मनाई केली नसल्यास' हे शब्द आधीच घाला, आणि तशी मनाई असेल तर तिलाही ३१ दिवसांची मर्यादा व पुढे न्यायालयाची परवानगी हवी असं जोडा. पर्यायी पुराव्याचं वाक्य उत्तम आहे, ते अजिबात काढू नका. नोंदी किमान ५ वर्षं ठेवायच्या एवढीच सक्ती एफएटीएफच्या शिफारशीत आहे. त्यानंतर कंपनीकडेही पावती असेलच असं नाही, मग ती ग्राहकाकडे कशी मागायची?

वहीखाते
कंपनी सेवा बंद करणार असेल तर बंद होण्याआधी प्रत्येक ग्राहकाला संपूर्ण व्यवहारांची फाइल, जागतिक वेळेच्या नोंदीसह, पाठवावी. हे वेगळं कलम करा.

पाणकणीस
आणि 'खाते थांबवल्यास' याच्या आधी एक वाक्य हवं: संशय ज्या रकमेबद्दल आहे तेवढीच थांबवावी, उरलेलं खातं चालू ठेवावं. माझ्या घरच्यांसाठी ते सगळ्यात वर राहू द्या.

सांजवात
घेतलं, तेच पहिलं कलम. सुधारलेला मसुदा आज रात्री इथेच टाकते. टिटवी, स्टेबलकॉइन बंद करताना किमान किती आधी सूचना मिळायला हवी, तो आकडा तुम्ही सांगा.

टिटवी
९० दिवस. आणि सूचनेत पर्यायी नाणं कुठल्या नेटवर्कवर मिळेल तेही लिहिलेलं हवं.